सापाच्या विषावर तीन थेंब? काका, तो मेसेज आधी काढा

गेल्या रविवारी आईकडे गेले, तर देवघराच्या फळीवर कुंकवाच्या करंड्याशेजारी बोटभर काचेची बाटली. तिच्याभोवती हातभर सुतळी गुंडाळलेली. बाटलीवर लिहिलेलं, 'नाजा २००'. होमिओपॅथीचं औषध. "साप चावला तर जवळ असावी," आई म्हणाली. "काकांनी ग्रुपवर टाकलंय, वाचलं नाहीस?"

वाचलं नव्हतं. मग तिथेच ओट्याला टेकून वाचलं आणि हातपाय गार पडले. आई वाळवा तालुक्यात वस्तीवर एकटी राहते. मागच्या दारापासून दहा पावलांवर ऊस.

मेसेज थोडक्यात असा: भारतात सापाच्या ५५० जाती, त्यातल्या फक्त १० विषारी. माणूस विषानं नाही, भीतीनं मरतो. साप चावला की वर दोरीनं घट्ट आवळा, ब्लेडनं चिरा देऊन रक्त काढा आणि 'नाजा २००'चा एकेक थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका. दवाखान्याची गरज नाही. डॉक्टर हे सांगत नाहीत, कारण त्यांना महागडी इंजेक्शनं खपवायची असतात. बत्तीस शिराळ्यात पिढ्यान्‌पिढ्या नाग हाताळतात, तिथे कोण मरतं? शेवटी, पुण्य लागेल, पुढे पाठवा.

आधी त्या थेंबांबद्दल, कारण जीव जाईल तो त्यांच्यापायी. नाजा म्हणजे नाग. नागाचं विष शंभर पट पातळ करायचं, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा शंभर पट, असं दोनशे वेळा केलं की 'नाजा २००' होतं. आपल्या कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावतं. भरलेल्या कोयनेत विषाचा एक थेंब टाकून सगळं ढवळलं, तरी या दोनशे पायऱ्यांपैकी नऊसुद्धा पुऱ्या होत नाहीत. बाराव्या पायरीच्या पुढे मूळ पदार्थाचा एक रेणू सापडण्याचीही आशा उरत नाही. म्हणजे त्या बाटलीत विष नाही आणि विषावरचा उताराही नाही. दवाखान्यातलं इंजेक्शन वेगळ्या रीतीनं तयार होतं. घोड्याला विषाचे वाढते डोस टोचतात, त्याच्या रक्तात विषाशी लढणारी प्रतिद्रव्यं तयार होतात, ती काढून शुद्ध करतात. भारतातलं हे इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालतं, म्हणून चावला कोणता हे कळलं नाही तरी देता येतं.

त्या बाटलीनं होतं काय, तर वेळ जातो. दहा मिनिटांचे तीन डोस, मग "जरा बघू या", मग पहाट. आणि मण्यारीच्या बाबतीत हे फार सोपं आहे, कारण ती चावल्यावर दुखत नाही, सूजत नाही, दात उमटलेलेही धड दिसत नाहीत.

हे मी पाहिलंय. दहावीत होते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या आमच्या वस्तीवरच्या एका काकूंना रात्री काहीतरी चावलं. थोड्या वेळानं पोटात कळ यायला लागली, मग घरातल्यांना शंका आली. देवळात नेलं, अंगारा लावला, कडुनिंबाचा पाला खायला दिला. पाला कडू लागला म्हणजे विष नाही, अशी समजूत. काकूंनी तोंड वाकडं केलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पाला कडूच लागणार, मण्यारीच्या विषानं जिभेची चव जात नाही. चारच्या सुमाराला त्या म्हणाल्या, डोळे उघडंनात. पापण्या खरंच वर जात नव्हत्या. मग बोलणं जड झालं. नसांकडून स्नायूंना जाणारा निरोप हे विष तोडतं आणि शेवटी छातीचे स्नायू थांबतात. जीप मिळेपर्यंत सगळं संपलं होतं. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला तर असा माणूस उठून घरी येतो.

पण आई मला म्हणाली, "तुझ्या बाबांचं मग त्याच देवळात कसं उतरलं?"

हा प्रश्न मला टाळायचा नाही. बाबा रात्रीच्या लाईटवर उसाला दारं धरायला गेले होते, पाटातच चावला. देवळात नेलं, नारळ फोडला, सकाळी बाबा ठणठणीत. मात्र बॅटरीच्या उजेडात मारलेला तो साप दिवड होता. पाण्याकाठचा, रागीट, कडकडून चावणारा आणि बिनविषारी. धामण, तस्कर, कवड्या, नानेटी, सगळ्यांचं तेच. शिवाय विषारी साप चावतो तेव्हाही दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे देवळात नेलेल्यांतले बरेच जण काहीही न करता वाचणारच असतात. ते घरी येतात, वीस वर्षं सांगत राहतात. काकू सांगायला राहिल्या नाहीत. आईनं बाबांना उठून चहा पिताना पाहिलंय, त्यापुढे माझं पुस्तकी ज्ञान तिला थिटं वाटतं. तिची चूक मला कळते. काकांची कळत नाही, कारण त्यांनी न वाचता पाठवलंय.

सुतळी आणि ब्लेड. आवळून बांधलं की रक्त तुटतं, घोणशीचं विष तिथेच साठून मांस कुजवतं, पाय कापायची पाळी येते. नाग-मण्यारीचं विष दोरी सोडल्याबरोबर एकदम उसळतं. आणि घोणशीच्या विषानं रक्त गोठायचंच थांबतं. डॉक्टर कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात आणि मग तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं तर विष चढलंय. अशा माणसाला ब्लेडनं चिरा देणार?

शिराळ्याबद्दल एवढंच की तिथल्या लोकांना नागाची पकड आणि चाल ठाऊक होती, आणि नाग फणा काढून आधी इशारा देतो. मण्यार कुणी गळ्यात घेत नाही. जिवंत नागांच्या त्या खेळावर आता उच्च न्यायालयाची बंदी आहे.

एक गोष्ट नाइलाजानं मान्य करते. बहुतेक साप बिनविषारी असतात हे खरं आहे आणि घाबरू नका हेही बरोबर आहे. पण आकडे चुकलेत. भारतात सापांच्या तीनशेच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या साठएक विषारी. प्राथमिक केंद्रात कधी इंजेक्शन नसतं, पुढे पाठवतात, हीसुद्धा खरी तक्रार आहे. पण सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं, मग महागडं खपवलं कुणी?

आणि "भीतीनं मरतो" म्हणणाऱ्यांनी २०२० साली 'ईलाइफ' या नियतकालिकात आलेला अभ्यास पाहावा. देशभरात घरोघर जाऊन मृत्यूंची कारणं विचारून केलेला आहे. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, वर्षाला सरासरी ५८ हजार. म्हणजे रोज दीडशेच्या वर. चौथ्या हिश्शाहून जास्त १५ वर्षांखालची मुलं. आणि बहुतेक मृत्यू खेड्यात, घरातच. भीती सगळीकडे सारखीच असते, काका. ही माणसं घरी का होती, ते विचारा.

आईनं शेवटी विचारलं, "मग रात्री एकटीनं मी काय करू?" मी तिच्या बांगड्या आणि जोडवी काढून दाखवली, सूज आली की तीच रुततात. चालायचं नाही, चावलेला पाय हलवायचा नाही, १०८ लावायचा आणि इस्लामपूर (आता ईश्वरपूर) नाहीतर सांगलीचं सिव्हिल गाठायचं. झोपताना खाट आणि मच्छरदाणी. शेजारच्या जीपवाल्याचा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून आले.

बाटली मी पर्समध्ये टाकून आणली. काकांचा मेसेज अजून ग्रुपवर आहे. रोज सकाळी विचारते, काढला का.