क्षयप्रतिबंधक उपचार : अडचण प्रशिक्षणाची की रचनेची?
एचआयव्हीबाधितांना क्षयप्रतिबंधक औषधे लिहून देण्यात डॉक्टर कचरतात म्हणून त्यांना प्रशिक्षण द्यावे, असे एका लेखात म्हटले आहे. मला अडचण कामाच्या रचनेत अधिक दिसते. खोकला, ताप, वजन घटणे आणि रात्रीचा घाम यांपैकी एकही लक्षण नसेल, तर क्षयाचा संसर्ग तपासणाऱ्या त्वचाचाचणीसाठी न थांबता आयसोनियाझिड हे क्षयप्रतिबंधक औषध देता येते, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्येच सांगितले होते. (यकृताचा विकार असल्यास अर्थातच थांबावे.) तरीही जंतू औषधाला दाद देईनासे होतील, ही फारसा आधार नसलेली भीती टिकून आहे. एआरटी केंद्रात (एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या केंद्रात) ही लक्षणे नसल्याची नोंद होताच त्याच कागदावर औषधाचा रकाना डॉक्टरांपुढे यावा आणि औषध न दिल्यास कारण लिहिणे बंधनकारक असावे. रिफापेंटिन आणि आयसोनियाझिड या दोन औषधांचे एकत्रित, आठवड्याला एक याप्रमाणे १२ डोस रुग्णांना सोयीचे आहेत, पण त्यासाठी पुरवठा अखंड हवा.