एका मायक्रोआरएनएच्या माथी सगळा आजार मारू नका

‘पल्मोनरी हायपरटेन्शनचं मूळ सापडलं: मायक्रोआरएनए-२१. तो वाढला की आजार होतो. रक्ताच्या एका चाचणीत तो कळतो, हृदयापर्यंत बारीक नळी, म्हणजे कॅथेटर, घालायची गरज नाही. तो बंद करणारं औषध आलं आहे, जुनी औषधं फक्त लक्षणं दाबतात.’ अशा आशयाचा मजकूर पल्मोनरी हायपरटेन्शनच्या, म्हणजे फुफ्फुसांतल्या धमन्यांत रक्तदाब वाढण्याच्या आजाराच्या, रुग्णांच्या गटांत खूप फिरतो आहे. त्यात खऱ्या संशोधनाचा अंश मिसळलेला आहे, म्हणून तो जास्त घातक वाटतो.

आधी ‘मूळ’ पाहू. मायक्रोआरएनए हा जेमतेम २२ न्यूक्लिओटाइडांचा (आरएनएच्या साखळीतल्या दुव्यांचा) रेणू. तो जनुकाची सूचना वाहून नेणाऱ्या संदेशवाहक आरएनएला चिकटतो आणि प्रथिन तयार होणं कमी करतो. असा एकच रेणू शेकडो जनुकांवर परिणाम करू शकतो, आणि पेशी बदलली की परिणामही बदलतो. मायक्रोआरएनए-२१चंच बघा. कमी ऑक्सिजनमध्ये ठेवलेल्या उंदरांत तो अडवला तेव्हा रक्तवाहिन्या जाड होणं कमी झालं. पण २०१२ मध्येच दुसऱ्या एका अभ्यासात, हा रेणू मुळातच नसलेल्या उंदरांना आजार अधिक तीव्र झाला. त्याआधी, २०१० मध्ये, इडिओपॅथिक (कारण न सापडलेल्या) प्रकारच्या रुग्णांच्या फुफ्फुसांत तो चक्क कमी आढळला होता. वाहिनीच्या स्नायुपेशींत तो वाढीला जोर देतो, आतल्या अस्तराच्या पेशींत मात्र त्याचं काम संरक्षणाचं दिसतं. मग ‘वाढला की आजार’ हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

शिवाय २१ एकटा नाही. मायक्रोआरएनए-२०४ हा रुग्णांच्या स्नायुपेशींत घटतो. क्यूबेकमधल्या संशोधकांनी उंदरांच्या फुफ्फुसांत तो परत पोहोचवला तेव्हा आजार सौम्य झाला. १७-९२ हा मायक्रोआरएनएंचा समूह बीएमपीआर२ या जनुकाचं प्रथिन घटवतो. आनुवंशिक प्रकारातल्या बहुतेक कुटुंबांत दोष याच बीएमपीआर२ जनुकात सापडतो, आणि हे २००० सालापासून माहीत आहे.

चाचणीचं म्हणणं तर सरळ चुकीचं. निदान दाबावर होतं: पल्मोनरी धमनीतला सरासरी दाब २० मिलिमीटर पाऱ्यापेक्षा जास्त, आणि तो कॅथेटरनेच मोजावा लागतो. दोष डाव्या हृदयात आहे की फुफ्फुसाच्या वाहिन्यांत, हेही त्यातूनच स्पष्ट होतं, आणि दोन्हींचे उपचार वेगळे असतात. रक्तातल्या मायक्रोआरएनएची मोजणी नाजूक आहे. नमुन्यात लाल पेशी फुटल्या की मायक्रोआरएनए-४५१ आणि १६ यांचे आकडे फुगतात. हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध नमुन्यात असेल तर मोजणीची पीसीआर पद्धत अडखळते, आणि कॅथेटर घालतात त्या कॅथ लॅबमध्ये हेपरिन सर्रास वापरतात. संशोधनात या चाचण्यांना मोल आहे, पण निदान त्यांच्यावर सोपवता येत नाही.

आणि औषध? या आजारासाठी मायक्रोआरएनएवर आधारलेलं एकही मंजूर औषध नाही. कर्करोगासाठी मायक्रोआरएनए-३४ए या रेणूची नक्कल करणारं औषध माणसांत तपासलं गेलं. प्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली.

त्या मजकुरातलं शेवटचं वाक्य, ‘जुनी औषधं फक्त लक्षणं दाबतात’, मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतं. एपोप्रोस्टेनॉल या वाहिन्या रुंदावणाऱ्या जुन्या औषधाने गंभीर रुग्णांचं आयुष्य वाढतं, हे १९९६च्या चाचणीत दिसलं. २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सोटाटरसेप्ट थेट पेशींच्या वाढीच्या संकेतांवर काम करतं. ही औषधं ‘फक्त लक्षणांची’ समजून कुणी सोडू नयेत. शिरेतून सतत चालणारं एपोप्रोस्टेनॉल तर रक्तात काही मिनिटंच टिकतं; ते अचानक बंद पडलं तर दाब उसळून जीव जाऊ शकतो.