सहीला तीन आठवडे लागतात, तिथे उलटं घड्याळ काय करणार?

नमस्कार. कोकण रेल्वेच्या कामावरच्या माझ्या लेखाला आलेली तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वाचेपर्यंत निम्मा ओसरला. तुम्ही लिहिलंय, 'कोकण रेल्वेच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. श्रीधरन यांना अधिकार होते. आमच्या संस्थेत साध्या सहीला तीन आठवडे लागतात, तिथे भिंतीवर उलटं घड्याळ टांगून काय होणार?'

काही होणार नाही. कोकण रेल्वे बांधणाऱ्या महामंडळाचे प्रमुख ई. श्रीधरन यांचं, उरलेले दिवस मोजणारं ते घड्याळ मी लेखात जरा जास्तच चमकवलं, कबूल.

जे सांगायचं राहिलं ते असं. हे काम रेल्वे खात्याच्या नेहमीच्या चाकोरीत टाकलंच नव्हतं. १९९० मध्ये त्यासाठी वेगळं महामंडळ काढलं. निम्म्याहून थोडा जास्त वाटा रेल्वेचा, बाकीचा महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळचा. बराचसा पैसा रोख्यांतून उभा केला. म्हणजे आधी निर्णयाची वाट मोकळी केली, घड्याळ नंतर. मी गोष्ट शेपटाकडून सांगितली.

पण 'अधिकार होते म्हणून झालं' हेही पटत नाही. गोव्यात मार्गावरून आंदोलन पेटलं, काम अडलं. पेडण्याच्या बोगद्यात माती इतकी मऊ आणि ओली, की खणलं की ढासळायची. मातीला कुणाचे अधिकार समजणार? पाच वर्षांत उरकायचं ठरलेलं काम जानेवारी १९९८ मध्ये पुरं झालं.

आता माझा अनुभव, रेल्वेइतका भव्य नाही. सॉफ्टवेअर कंपनीतून बाहेर पडल्यावर एका धर्मादाय रुग्णालयात औषध भांडाराचं संगणकीकरण माझ्याकडे आलं. मी जुन्या सवयीने रोज सकाळी पंधरा मिनिटांची उभ्याने बैठक सुरू केली. चौथ्या दिवशी भांडारातल्या ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही उभे राहा, मला शिपाई येण्याआधी मागणीपत्रं लावायचीत." बैठक तिथेच संपली, कायमची.

मग मी एका फाईलमागे फिरलो. आवक नोंद सोमवारी. लेखा विभागात दोन दिवस. तिथून 'चर्चा करावी' असा शेरा घेऊन परत. कुणी कुणाशी चर्चा करायची, ते शेऱ्यात नव्हतं! पुन्हा वर गेली, तर सही करणारे विश्वस्त फक्त गुरुवारी यायचे, अकरा ते एक. गुरुवार हुकला की आठवडा गेला.

विश्वस्तांना रोज या म्हणण्याची माझी प्राज्ञा नव्हती. आम्ही एवढंच केलं, की बुधवारी दुपारी लेखापाल, ताई आणि मी फाईल समोर घेऊन बसायचो. शंका तिथेच मिटवायच्या, टिपणी एका पानाची. पाच हजारांखालची खरेदी व्यवस्थापकांनीच करावी, असा ठराव पुढच्या सभेत करून घेतला. त्यालाही तीन महिने लागले. काम एकूण चार महिने उशिराच झालं, पण झालं, आणि ताईंची हाताने लिहायची वही अजून संगणकाशेजारी आहेच. ती मी काढायला लावली नाही.

तुमच्या संस्थेतली अलीकडची एखादी निकाली फाईल काढा आणि त्या तीन आठवड्यांत ती कुठल्या टेबलावर किती दिवस होती ते शिक्क्यांवरून लिहून पाठवा. नावं नकोत, नुसती टेबलं आणि तारखा. त्यावर बोलू.