पाण्याच्या माऱ्याआधी बरंच काही
जहाजावरच्या आगीवरचा तुमचा लेख आवडला, पण ‘जवानांनी पाण्याचा मारा करून इंजिनरूममधली आग आटोक्यात आणली’ या एका वाक्यापाशी अडखळलो. खाली पेटतं ते बहुतेकदा तेल. इंधनाच्या पाइपचा जोड सुटतो, बारीक फवारा तापलेल्या एक्झॉस्टवर उडतो आणि भडका! म्हणून आधी इंधनाचे व्हॉल्व्ह बाहेरूनच बंद, पंखे बंद, माणसं मोजून बाहेर, मगच कार्बन डायऑक्साइड सोडायचा. मोजणी चुकली तर आत राहिलेला माणूस त्या वायूनेच जातो.

खरी कसोटी त्यानंतर. वायू आगीला गुदमरवतो, लोखंड थंड करत नाही. शेजारच्या कप्प्यातून भिंतीवर पाणी मारत राहावं लागतं. रंगाला फोड येताना डोळ्यांदेखत दिसतात, पाणी पडलं की चर्र आवाज आणि नुसती वाफ. तेही बेतानेच, कारण साठून हेलकावणारं पाणी जहाजालाच कलंडवू शकतं. दार घाईने उघडलं की ताजी हवा आत जाते आणि तापलेल्या लोखंडावर तेल पुन्हा पेटतं.

२०२० मध्ये सॅन डिएगोच्या धक्क्यावर अमेरिकी नौदलाचं ‘बोनहोम रिचर्ड’ हे जहाज चार दिवसांहून जास्त जळत होतं. आग इंजिनरूममधली नव्हती, पण आग विझवणारा फेस सोडायचं बटण वेळेत कुणी दाबलंच नाही. यंत्रणा असून काय उपयोग?

तुमच्या लेखातल्या जहाजावर दार किती वेळाने उघडलं, ते कळलं तर सांगा.