तळाचं पाणी साचलेलं नाही

आमच्या पेठेतल्या ग्रुपवर दोन दिवस एक मेसेज फिरतोय. त्यातलं म्हणणं असं : वाऱ्यामुळं समुद्र फक्त वरवर हलतो, तळाचं पाणी साचलेलं असतं, मीठ सगळीकडं सारखंच, बर्फ तरंगतो, म्हणजे थंड पाणी खाली जाऊच शकत नाही, आणि ध्रुवाकडचा बर्फ वितळला तर पाण्यात पाणीच मिसळणार, बिघडलं कुठं? शाळेतली पोरं हे वाचतात, म्हणून उत्तर देतोय.

वाऱ्याचं अर्धं खरं आहे. वरचे प्रवाह वाराच चालवतो, अंटार्क्टिकाभोवती खोल पाणी वर यायलाही त्याचाच हात लागतो. पण विषुववृत्तावर वर २८ अंश असलेलं पाणी तीन-चार किलोमीटर खाली एक-दोन अंशांवर येतं. हा गारठा तिथला नव्हे. तो ग्रीनलंडच्या आसपास आणि अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात बुडालेल्या पाण्याबरोबर सरकत आलाय. पाणी बुडून, तळानं सरकून पुन्हा वर येण्याच्या या पूर्ण फेरीला हजारेक वर्षं लागतात.

मिठाचं उत्तर आपल्या दारातच आहे. घाट उतरला की अरबी समुद्र, पण आपली पंचगंगा तिकडं जात नाही. नृसिंहवाडीला कृष्णेला मिळून ती थेट बंगालच्या उपसागराची वाट धरते. गोदावरी, महानदी, गंगा, ब्रह्मपुत्रा, सगळ्या तिकडंच. म्हणून अरबी समुद्रात किलोभर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ, तर उपसागराच्या उत्तर टोकाला पावसाळ्यानंतर ३० हूनही कमी.

आता बर्फ. गोडं पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्याहून गार झालं की हलकं होतं. समुद्राच्या पाण्याचं तसं नाही. ते उणे १.९ अंशांच्या आसपास गोठेपर्यंत जडच होत जातं. शिवाय गोठताना बहुतेक मीठ बर्फाबाहेर पडतं, त्यामुळं बर्फाखालचं पाणी आणखी खारट, आणखी जड होऊन बुडतं.

काल घरी करून पाहिलं. शाई घालून बर्फाचे खडे केले. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात तेच पाणी चार चमचे मीठ विरघळवून. पहिल्या ग्लासात खड्यातून निळ्या दोऱ्या सुटल्या आणि सरळ तळाला गेल्या. दुसऱ्यात वितळलेलं पाणी तितकंच गार, पण गोडं. ते खाऱ्या पाण्यावर निळा थर धरून बसलं. ढवळेपर्यंत खाली उतरलं नाही.

चौथ्या मुद्द्याचं उत्तर त्या दुसऱ्या ग्लासात आहे. ग्रीनलंडचा बर्फ गोड्या पाण्याचा. ते वर पसरलं की खालचं खारं पाणी झाकलं जातं, वरचं पाणी बुडण्याइतकं जड होत नाही आणि अटलांटिकमधलं पाणी बुडण्या-सरकण्याचं हे चक्र मंदावतं. आयपीसीसी, म्हणजे संयुक्त राष्ट्रांची हवामान बदलाची समिती, तिच्या २०२१ च्या अहवालानुसार या शतकात ते दुबळं होण्याची शक्यता खूपच जास्त आहे. २१०० च्या आत एकाएकी कोलमडणार नाही, असं मात्र तो मध्यम खात्रीनं सांगतो.