रिव्हॉल्व्हर, नेमबाजी आणि तो फॉरवर्ड

सध्या नाशिकच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय, सातपूरपासून पंचवटीपर्यंत सगळ्यांकडे पोचलाय. थोडक्यात म्हणणं असं की टार्गेट शूटिंग करायचं तर सेंटरफायर (म्हणजे काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर ठोका बसून बार उडणारं) रिव्हॉल्व्हरच बेस्ट कारण त्याची बॅरल, म्हणजे नळी, हलत नाही, बोअर (नळीच्या भोकाचा व्यास) जेवढं मोठं तेवढा नेम पक्का म्हणून जमलं तर .३५७ मॅग्नम, नाहीतर कानपूरच्या सरकारी कारखान्याचं .३२ रिव्हॉल्व्हर घ्या म्हणजे घरीही कामाला आणि रेंजवरही, आणि खेळाडू म्हणून अर्ज टाकला की लायसन्स चुटकीसरशी. खाली अंगठ्यांचा नुसता पाऊस. रेंजवर कधी पाय न ठेवलेल्यांनी पण अंगठा दिलाय.

बॅरलवाला मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणूनच लोक त्यात अडकतात. पोलीस-लष्कराच्या बऱ्याच पिस्तुलांमध्ये बार उडाला की बॅरल जराशी मागे सरकते, झुकते, परत जागेवर येते, हे बरोबर. पण मॅचसाठीच बनवलेली सेंटरफायर पिस्तुलं, वॉल्थर जीएसपी घ्या नाहीतर पार्डिनी एचपी घ्या, त्यांची बॅरल फ्रेमला फिक्सच असते की! मग रिव्हॉल्व्हरचा फायदा उरला कुठे? उलट रिव्हॉल्व्हरमध्ये बॅरल एक आणि चेंबर सहा, दर बाराला सिलेंडर फिरून नवा चेंबर बॅरलसमोर आणून उभा करतो, आणि त्यातला एखादा केसभर जरी बाजूला थांबला तर गोळी बॅरलच्या तोंडाशी घासून आत जाते, शिशाचा कीस बाजूने उडतो आणि त्या एका चेंबरचा बार कागदावर दर वेळी त्याच दिशेला भटकतो.

मी टूलरूममधला माणूस, म्हणून मला हे जास्त खटकतं. कोणी रिव्हॉल्व्हर दाखवलं की लोक आधी पॉलिश आणि ग्रिप बघतात. अरे बाबा, आधी सहाही भोकं रिकामी आहेत का ते डोळ्यांनी बघ, मग घोडा सावकाश मागे ओढ आणि सिलेंडर बोटांनी डावी-उजवीकडे हलवून बघ, डुगडुगतोय का. सिलेंडर आणि बॅरलमधली फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पत्र्यांनी) मोज, एकदा नाही, सहाही चेंबरला, आकडा बदलत गेला तर काहीतरी वाकडं आहे. आणि रेंजवर चेंबरांना मार्करने नंबर टाकून एकेका चेंबरचे पाच-पाच बार वेगळ्या कागदावर मार. पाच चेंबर गुण्यागोविंदाने एका जागी आणि सहावा पार आठच्या रिंगणात, असं निघू शकतं, आणि तोपर्यंत माणूस स्वतःच्या मनगटाला दोष देत बसलेला असतो.

मोठं बोअर म्हणजे पक्का नेम, हे तर कुठून काढलं देव जाणे. आंतरराष्ट्रीय नियमात २५ मीटर सेंटरफायर या स्पर्धाप्रकाराला ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर एवढंच बोअर चालतं आणि मॅग्नम गोळीला परवानगीच नाही. बहुतेक मॅच पिस्तुलं .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची वॅडकटर गोळी खातात. तिचं तोंड सपाट, वेग कमी, धक्का कमी, आणि कागदाला पंचिंग मशीनने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक. रेघेला भोक टेकलं की वरचा पॉइंट मिळतो, त्यामुळे भोक स्वच्छ असणं ही चैन नाही.

आता ते कानपूरचं .३२, घरी पण आणि रेंजवर पण. त्याची बॅरल तीन इंची, साइट (नेम धरायची खूण) फिक्स, वजन साधारण ७०० ग्रॅम. मागची खाच आणि पुढची साइट यांच्यातलं अंतर धरा १३० मिलिमीटरच्या आसपास. नेम धरताना पुढची साइट खाचेत फक्त ०.२ मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी ३८ मिलिमीटर बाहेर जाते. प्रिसिजन, म्हणजे सावकाश नेम धरून मारायच्या टार्गेटवर दहाचं रिंगण ५० मिलिमीटर व्यासाचं, म्हणजे मध्यापासून २५, तुम्ही गेलात नऊत. तीच चूक सहा इंची बॅरलच्या स्मिथ अँड वेसन के-३८ रिव्हॉल्व्हरवर, जिथे साइटमधलं अंतर १९० च्या आसपास जातं, २६ मिलिमीटरच्या आसपास येते आणि भोक रेघेला टेकून दहा मिळतात. हात तोच, चूक तीच! नियमात बॅरल जास्तीत जास्त १५३ मिलिमीटर, सहा इंच म्हणजे १५२.४, बसतं बरोबर. साइट अ‍ॅडजस्ट होत नसेल तर गोळीची कंपनी बदलली की पुढे अंदाजपंचे. वजनाचंही तेच. २०१४ मध्ये आलेलं कानपूरचंच निर्भीक रिव्हॉल्व्हर ५०० ग्रॅमचं आहे, पर्समध्ये ठेवायला ठीक, पण मॅचला १४०० ग्रॅमपर्यंत परवानगी आहे आणि ती उगाच नाही.

मेसेजवर कोणीतरी शहाणपणा केलाय की रिव्हॉल्व्हर रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट मारायच्या फेरीत, मागे पडतं कारण डबल अ‍ॅक्शनचा (ट्रिगर दाबूनच घोडाही मागे ओढायचा) ट्रिगर जड. जड असतो, चार-पाच किलोही लागतो, जेव्हा नियमाला किमान १००० ग्रॅम पुरतात. पण सेंटरफायरच्या रॅपिडमध्ये टार्गेट ३ सेकंद दिसतं आणि मध्ये ७ सेकंद मिळतात, तेवढ्यात त्याच हाताच्या अंगठ्याने घोडा आधीच ओढून सिंगल अ‍ॅक्शनवर, हलक्या ट्रिगरने, मारता येतं. फ्रान्सचं मान्यूरिन एमआर ३२ मॅच तर सिंगल अ‍ॅक्शनचंच होतं. त्यामुळे रिव्हॉल्व्हर बाद नाही, पण बेस्टही नाही. आपला पिस्तूल नेमबाज जसपाल राणाने २००६ च्या दोहा एशियाडला ६०० पैकी ५९० मारून जागतिक विक्रमाची बरोबरी केली ती याच प्रकारात, बघायचं तर ते बघा.

राहिलं लायसन्स. नाशिक शहरात पोलीस आयुक्तालय, ग्रामीणला जिल्हाधिकारी, चौकशी दोन्हीकडे होते आणि खेळाडू म्हणायला स्पर्धेचा रेकॉर्ड लागतो, नुसती आवड नाही. शिवाय शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर साधारण माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, त्यातलं एक ह्या फॉरवर्डच्या नादी लागून घालवायचं का ते बघा. ज्याला खरंच शिकायचंय त्याने १० मीटर एअर पिस्तूल धरावं, .१७७ बोअर आणि २० ज्यूलच्या आत असेल तर लायसन्स लागत नाही, आणि तिथेही हात एकच, साइट उघडीच.