सर्व्हर चालायलाय की!

मालक, सर्व्हर कधी बदलावा हा प्रश्न तुमच्या डोक्यात आला, इथंच चूक झाली. मोंढ्यात तीन पिढ्यांची आडत, मागं डाळमिल, आणि तुम्ही जिन्याखालच्या, दुकानाचा सगळा हिशेब पोटात ठेवणाऱ्या त्या काळ्या डब्याच्या वयाची काळजी करायलाव? बैल घ्यायचा असता तर गोष्ट वेगळी. माळेगावच्या यात्रेत तुम्ही देवणी खोंडाचा जबडा उघडून दोन दाती की चार दाती ते बघता, चार पावलं चालवून घेता, मगच रुमालाखाली बोटं धरता. ट्रॅक्टरचं टायर गुळगुळीत झालं की पेरणीआधी बदलता. सर्व्हरला कुठं आलेत दात? त्याला एकच विचारायचं, चालायलाय का? चालायलाय. विषय संपला.

सीएचं निम्मं ऐका. कंपनी कायद्याची दुसरी अनुसूची सर्व्हरचं आयुष्य सहा वर्षं धरते, ते कानाआड करा. आयकरात दरसाल ४० टक्के घसारा मिळतो, तो मात्र सोडू नका. त्या हिशेबानं तीन लाखांचा सर्व्हर दहा वर्षांनी कागदावर १,८१४ रुपयांचा उरतो. तेवढ्यात अर्धा क्विंटल सोयाबीन येत नाही. एवढ्या स्वस्त वस्तूसाठी झोप कशाला घालवायची? आत शेतकऱ्यांच्या मालविक्रीच्या पट्ट्या, हमाली-तोलाईचा हिशेब आणि खरेदीदारांची सगळी उधारी पडलीय खरी, पण तिला घसारा लागत नाही, म्हणून ती धरायची नाही.

आता राहणीमान. जाणकार लोक म्हणतात की सर्व्हरला १८ ते २७ अंशांची हवा लागते. मे महिन्यात लातुरात ही हवा मालकाला मिळत नाही, नोकराला कुठून? बारदान्याच्या थप्पीशेजारी ठेवा आणि फारच तापला तर पुढ्यात कुलर लावा. बोअरच्या जड पाण्याचा तो ओलसर वारा आत गेला की फॅनच्या पात्यांवर डाळीच्या पिवळ्या पावडरीचं छान पिठलं जमतं आणि वर क्षारांची पांढरी कड येते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तेव्हा कुलर कोरडाच राहिला. सर्व्हरला तेवढा एक उन्हाळा निवांत गेला म्हणायचा. खंडेनवमीला त्याची पूजा चुकवू नका. पुढच्या जाळीतली काही भोकं गेल्या बारा दसऱ्यांच्या कुंकवानं बुजलीत, पण आशीर्वादाला भोक लागत नाही.

अंबर रंगाचा बारका दिवा लुकलुकायला लागला तर घाबरू नका. हार्डवेअरचं पोरगं येईल, वाकून बघेल आणि म्हणेल, “मालक, एक डिस्क गेली.”

“होत्या किती?”

“तीन.”

“मग दोन हायेत की!”

पोरगं घाम पुसत सांगेल की ही रेड ५ ची जुळणी आहे, म्हणजे माहिती तिन्ही डिस्कांत वाटून ठेवलेली. एक डिस्क गेली तरी काम चालतं, दुसरी गेली की सगळंच जातं. तिन्ही एकाच दिवशी आल्या होत्या, म्हणजे तिघींचं वय एक. आणि नवी घातली की तिचा वाटा भरून द्यायला उरलेल्या दोघींना पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं वाचावं लागतं, म्हाताऱ्या डिस्कनं मान टाकायची ती याच कष्टात टाकते. बघा, पोरगं स्वतःच्या तोंडानं कबूल करतंय की नवी डिस्क घालणं धोक्याचं असतं! मग घालताच कशाला? दिव्यावर चिकटपट्टी लावा आणि पोराला चहा पाजून वाटेला लावा.

बॅकअपचं म्हणाल तर तो आहेच. पेनड्राइव्ह सुतळीनं सर्व्हरलाच बांधलाय, हरवायची भीती नाही. दिवाणजी रोज संध्याकाळी वहीत ‘बॅकअप घेतला’ म्हणून खूण करतात. ती फाइल कधी उघडून बघितली का, असलं विचारू नका. लग्न झाल्यावर पत्रिका कोण बघतं?

सर्व्हर ज्या प्रणालीवर चालतो, त्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ च्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० ला बंद झाल्या. त्या दिवशी आपल्याकडं भोगी होती. न खाई भोगी तो सदा रोगी म्हणतात, ते माणसांसाठी. यंत्रानं बाजरीची भाकरी कधी खाल्लीय?

एक पथ्य मात्र पाळा, तो कधी बंद करू नका. वर्षानुवर्षं फिरत राहिलेली डिस्क एकदा थांबली की पुन्हा फिरेलच याचा भरवसा नसतो. दसरा-दिवाळीच्या मधल्या आठवड्यात, सोयाबीनचे ट्रॅक्टर मोंढ्याच्या फाटकाबाहेर लागलेले असताना, लाइट जाईल. यूपीएस दोनदा शिट्टी मारून तोही जाईल, कारण त्याची बॅटरी सर्व्हरच्याच वयाची. लाइट परत येईल तेव्हा पडद्यावर काळ्यावर पांढऱ्या दोन ओळी असतील. बाहेर शेतकरी विचारतील, “मालक, पट्टी कधी?” तुम्ही माळ्यावरची लाल खतावणी काढा. तिच्यातली शेवटची नोंद २०१३ ची आहे, पण अक्षर काय सुंदर! उधारीवाल्यांना फोन करून किती द्यायचे राहिलेत ते त्यांनाच विचारा. मोंढा विश्वासावर चालतो.

डेटा काढून देणारा पुण्याचा माणूस नव्या सर्व्हरच्या किमतीचा आकडा सांगेल आणि वर ‘गॅरंटी नाही’ म्हणेल. तोवर दिवाणजींच्या मेव्हण्यानं शोध लावलेला असेल की हैदराबादला याच मॉडेलचा एक जुना सर्व्हर पडून आहे, अठरा हजारांत, डिस्कसकट, चालू स्थितीत. रातच्या गाडीनं दिवाणजी निघतीलच. निघताना त्यांना एवढं सांगा, दात बघून आणा.